पत्र्याखालचे दव आणि माळ्यावरचे सोयाबीन

चिखली : दिवाळी सरते, थंडी जोर धरते आणि घाटावरच्या गावांमध्ये एक तक्रार हमखास कानी येऊ लागते. पाऊस जाऊन महिना उलटला, आभाळ निरभ्र आहे, तरी पहाटे घराचा पत्रा 'गळतो'. माळ्यावर रचलेल्या पोत्यांवर ओले डाग उमटतात, अंथरुणावर थेंब पडतात, भिंतीच्या वरच्या कडेला काळसर बुरशी धरते. घरमालक पत्र्यावर चढून खिळ्यांच्या भोकांना डांबर लावतो, वॉशर बदलतो, दोन पत्र्यांमधील सांधा बुजवितो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच प्रकार घडतो. घडणारच; कारण हे पाणी बाहेरून आलेले नसते. ते घरातलेच असते. माणसांच्या श्वासातून, चुलीवरच्या भांड्यातून, वाळत घातलेल्या कपड्यांतून आणि पोत्यातल्या धान्यातून निघालेली वाफ गार पत्र्याला लागून पुन्हा पाणी होते. लोक त्याला 'पत्र्याला घाम सुटला' म्हणतात आणि शास्त्राच्या दृष्टीनेही हे वर्णन फारसे चुकीचे नाही.

वरकरणी हा किरकोळ घरगुती त्रास वाटतो. परंतु ज्या तालुक्यात वर्षाची कमाई काही महिने घरातच, अनेकदा माळ्यावरच ठेवावी लागते, तेथे या थेंबांचा हिशेब रुपयांत करावा लागतो. पत्र्याखालचे दव हा गळतीचा नव्हे, तर कोंडलेल्या हवेचा प्रश्न आहे. तो गळतीचा समजून केलेले बहुतेक उपाय निरुपयोगी ठरतात आणि त्यांतील काही तर त्रास वाढविणारे असतात.

साठवणुकीची सक्ती

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग सर्वपरिचित आहेत. चिखली तालुका घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारी भागात येतो. येथील काळ्या जमिनीत गेल्या काही दशकांत सोयाबीनने खरिपाची मोठी जागा व्यापली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी होते आणि त्याच वेळी बाजारात आवक वाढून भाव दबतो. विकायचे की थांबायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो.

थांबण्याच्या आशेला आधार आहे. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात राज्यातील काही बाजारांत सोयाबीनने क्विंटलला दहा हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. ज्यांनी माल राखला, त्यांना त्याचा लाभ झाला. ती आठवण अजून ताजी आहे. त्यानंतर मात्र चित्र पालटले. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाला; पण २०२४ च्या हंगामात खुल्या बाजारातील भाव हमीभावाच्या बराच खाली राहिला. हमीभावाने खरेदी व्हायची तर सोयाबीनमधील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ओलाव्याच्या एकेका टक्क्यासाठी दिल्लीपर्यंत निर्णय घ्यावा लागला, यावरूनच त्याचे मोल लक्षात यावे.

साठवणुकीसाठी गोदामे नाहीत असे नाही. राज्य वखार महामंडळ आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबविली जाते. तीत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. परंतु पाच-दहा क्विंटल माल असलेला शेतकरी वाहतूक, हमाली आणि कागदपत्रांचा विचार करून पोती घरातच ठेवतो. घर दोन खोल्यांचे असेल तर ती माळ्यावर चढतात. माळ्याच्या वर पत्रा असतो आणि तेथेच हा प्रश्न सुरू होतो.

बाजारात ओलाव्याला 'हवा' म्हणण्याची पद्धत आहे. मालात हवा जास्त निघाली की भाव कमी होतो. वरच्या थरातील दाण्यांवर बुरशी दिसली, की सगळी थप्पी संशयाची ठरते. शेतात उन्हात वाळवून १२ टक्क्यांवर आणलेले सोयाबीन घरात तीन महिने राहून पुन्हा ओले होते आणि त्याचे खापर फुटते ते व्यापाऱ्याच्या मापक यंत्रावर. यंत्रात दोष नसतोच असे नाही. पण माळ्यावरच्या हवेचा विचार त्याआधी व्हायला हवा.

हे पाणी येते कोठून?

हवेत वाफ मावण्याला मर्यादा असते आणि ती तापमानाप्रमाणे बदलते. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ राहू शकते. हीच हवा १२ अंशांपर्यंत गार झाली की ती मर्यादा ११ ग्रॅमच्या खाली येते. उरलेली वाफ पाणी होऊन जवळच्या गार पृष्ठभागावर बसते. घरातील हवा २० अंशांची आणि ७० टक्के आर्द्रतेची असेल, तर साधारण १४ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरू लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात.

हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा या बिंदूच्या सहज खाली जातो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात उष्णता साठून राहत नाही. तो मोकळ्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. अंगणातल्या मोटारसायकलच्या बैठकीवर पहाटे दव दिसते, ते याच कारणाने. ढगाळ रात्री हा प्रकार कमी होतो. म्हणूनच 'पाऊस नसताना गळते आणि आभाळ आले की थांबते' असा उलटा अनुभव अनेकांना येतो.

आता वाफेचा हिशेब. पाच माणसांचे कुटुंब रात्रभराच्या झोपेत श्वासावाटे व घामावाटे सुमारे दीड लिटर पाणी हवेत सोडते. स्वयंपाकाचा गॅस जळताना एका किलोमागे सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते; म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून २२ लिटरहून अधिक पाणी घराच्या हवेत मिसळते. भात, वरण, अंघोळीचे पाणी यांची वाफ वेगळीच. ओले कपडे घरात वाळत घातले तर त्यांतले सगळे पाणीही हवेतच जाते.

या यादीत एक नाव बहुधा सुटते, ते धान्याचे. चौदा टक्के ओलाव्याचे एक क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर येताना सव्वादोन किलोपेक्षा जास्त पाणी सोडते. अशी दहा क्विंटल पोती माळ्यावर असतील तर काही आठवड्यांत २२ लिटरहून अधिक पाणी त्या बंद जागेत उतरते. दुपारी पत्रा तापतो, पोत्यांतील ओल वाफ होऊन वर जाते. रात्री पत्रा गार पडतो, तीच वाफ थेंब होऊन पोत्यांवर परत येते. सगळ्या पोत्यांतून थोडी थोडी निघालेली ओल सर्वांत वरच्या पोत्यावर एकवटते. सरासरी ओलावा योग्य असतानाही वरच्या थरात बुरशी धरते, ती यामुळे.

धाब्याच्या घरात असे का होत नव्हते?

जुन्या धाब्याच्या घरात असा घाम सुटत नसे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे. लाकडी खांड, त्यावर फळ्या किंवा काड्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी धाब्याची रचना असे. मातीचा हा थर दिवसभर तापतो आणि रात्री सावकाश निवतो. त्यामुळे छताची आतली बाजू दवबिंदूपर्यंत क्वचितच उतरते. शिवाय माती आणि लाकूड रात्री वाफ शोषून घेतात आणि दिवसा सोडतात. चुलीचा धूर जाण्यासाठी छतात झरोका ठेवलेला असे. धुराबरोबर वाफही त्याच वाटेने निघून जाई.

म्हणून धाब्याचे घर आदर्श होते असे नव्हे. झडी लागली की तेच धाबे खरोखर गळे. दरवर्षी वर माती टाकावी लागे, वजन वाढत जाई, खांड कुजत आणि संततधार पावसात घर बसून माणसे दगावत. पत्र्याने या संकटातून सुटका केली, हे नाकारता येणार नाही. मात्र धाब्याबरोबर झरोकाही गेला. चुलीच्या जागी गॅस आला, डोळ्यांना झोंबणारा धूर थांबला आणि त्याबरोबर हवा बाहेर काढण्याची निकडही संपली. धूर दिसत होता म्हणून त्याला वाट दिली जात होती. वाफ दिसत नाही, म्हणून तिला वाट उरली नाही.

उपाय म्हणून वाढलेला अपाय

पत्र्याच्या घराचा उन्हाळ्यातील ताप सर्वांनाच ठाऊक आहे. तो कमी करण्यासाठी अलीकडे पत्र्याखाली प्लास्टिकच्या पट्ट्यांचे, थर्माकोलचे किंवा पीओपीचे छत लावण्याकडे कल आहे. त्याने खोली काहीशी गार राहते आणि दिसायलाही बरी दिसते. परंतु हे छत आणि पत्रा यांच्यामध्ये एक बंद माळा तयार होतो. खोलीतील वाफ फटींतून, दिव्यांच्या भोकांतून वर जाते. तेथे तिला ना ऊब मिळते, ना बाहेर पडायला जागा. थेंब आता अंथरुणावर पडत नाहीत, ते छतावर साचतात. डाग दिसू लागेपर्यंत रिपा कुजलेल्या असतात, पत्रा आतून गंजलेला असतो आणि विजेच्या जोडण्यांना ओल लागलेली असते.

दुसरा प्रचलित उपाय पांढऱ्या रंगाचा. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिल्याने दिवसाचा ताप निश्चित कमी होतो. रात्रीच्या दवावर मात्र त्याचा उपयोग नाही. उलट नवा चकचकीत जस्ताचा पत्रा उष्णता कमी प्रमाणात उत्सर्जित करतो, तर रंग दिलेला पत्रा ती अधिक वेगाने आकाशाकडे सोडतो. त्यामुळे हिवाळ्यात रंगविलेला पत्रा काहीसा जास्तच गार पडू शकतो. रंग देऊ नये असा याचा अर्थ नाही. रंग देताना हवेची वाटही ठेवावी, एवढाच आहे.

तिसरा उपाय प्लास्टिकचा. थेंब पडतात म्हणून पोत्यांवर मेणकापड घट्ट गुंडाळले जाते. वरचे थेंब अडतात, पण धान्यातून निघणारी वाफ आतच कोंडते आणि मेणकापडाच्या आतल्या बाजूला दव धरते. पूर्ण वाळलेल्या धान्याला हवाबंद साठवण मानवते. अर्धवट वाळलेल्या धान्याला तीच मारक ठरते.

चौथी आणि सर्वाधिक आढळणारी गोष्ट म्हणजे वळचणीच्या फटी बुजविणे. भिंत आणि पत्रा यांच्यामधील पन्हाळीच्या मोकळ्या जागेतून उंदीर, चिमण्या, प्रसंगी साप आत येतात. धूळ आणि थंडीचाही त्रास असतो. म्हणून त्या फटी चिंध्या, सिमेंट किंवा फोम घालून पक्क्या बंद केल्या जातात. त्रास खरा असतो, पण त्या फटीच घराचे शेवटचे नाक असतात.

इंग्लंडमधील धडा

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर ब्रिटनमध्ये इंधन वाचविण्यासाठी घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर अंथरण्याची मोहीम चालली. खोल्या उबदार झाल्या. परंतु खालची ऊब वर पोहोचेनाशी झाल्याने माळे पूर्वीपेक्षा गार पडले. खालून येणारी वाफ तेथे थिजू लागली आणि लाकूड कुजण्याच्या तक्रारी वाढल्या. अखेर १९८० च्या दशकात तेथील बांधकाम नियमांत छतातील दव रोखण्यासाठी वायुवीजनाची अट आली. उतरत्या छताच्या दोन्ही वळचणींना सलग १० मिलिमीटर आणि कमी उताराच्या छताला २५ मिलिमीटर रुंदीच्या फटीइतकी मोकळी जागा, हे तेथील ढोबळ माप आहे. अमेरिकेत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग, आणि खालची व वरची छिद्रे समतोल असतील तर तीनशेवा भाग, असे प्रमाण वापरले जाते.

हे प्रमाण येथील घराला लावून पाहिले तर काम फार मोठे नसल्याचे दिसते. २५ चौरस मीटरच्या घरावरील माळ्याला एकूण सुमारे एक ते पावणेदोन चौरस फूट इतकी मोकळी जागा लागते. जाळीच्या तारा काही जागा अडवितात, म्हणून भोक थोडे मोठे ठेवावे लागते. तरीही हे काम दोन-तीन मध्यम आकाराच्या झरोक्यांचे आहे.

मात्र परदेशी नियम जसाच्या तसा उचलणे येथे घातक ठरेल. ब्रिटनमधील झरोके बारमाही उघडे असतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधील झडीच्या दिवसांत बाहेरची हवा स्वतःच वाफेने भरलेली असते. ती आत घेऊन माळा कोरडा होत नाही. धान्य उलट ओल धरते. हिवाळ्यात याच्या नेमके उलट असते. या भागातील हिवाळी दुपार कोरडी असते आणि तीच माळा वाळविण्याची खरी वेळ होय. त्यामुळे येथील झरोक्याला जाळीइतकीच झडपही आवश्यक आहे. झडीत बंद आणि उघडिपीत मोकळी, अशी साधी शिस्त पाळली तर निसर्गच अर्धे काम करतो. थंडीत मात्र रात्रीही झडप पूर्ण बंद करू नये, कारण वाफ तयार होण्याची आणि पत्रा गार पडण्याची वेळ तीच असते.

काय करता येईल?

प्रथम दव आणि गळती यांतील फरक ओळखावा. पाणी पावसातच येत असेल आणि खिळे किंवा सांध्यांपाशीच येत असेल तर ती गळती. निरभ्र पहाटे पत्र्याच्या संपूर्ण आतल्या अंगावर बारीक थेंब दिसत असतील आणि ऊन चढल्यावर ते नाहीसे होत असतील तर ते दव. डांबर आणि वॉशर पहिल्यावर चालतात, दुसऱ्यावर नाही.

त्यानंतरचा क्रम वाफ कमी करणे, तिला वर जाऊ न देणे, गेलेली बाहेर काढणे आणि शेवटी पत्रा गार पडू न देणे, असा असावा. पहिल्या उपायाला जवळजवळ खर्च नाही. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी ठेवणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कपडे बाहेर वाळविणे आणि धान्य १२ टक्क्यांपर्यंत वाळल्याशिवाय माळ्यावर न चढविणे, एवढे पाळले तरी निम्मा त्रास कमी होऊ शकतो. स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसविला असेल तर त्याचे तोंड घराबाहेरच उघडले पाहिजे. ते माळ्यात उघडत असेल तर तो पंखा माळ्यावर वाफ भरण्याचेच काम करतो.

दुसरा उपाय माळ्यावर चढण्याच्या भोकाला घट्ट बसणारे झाकण करण्याचा आणि खालच्या छतातील फटी बुजविण्याचा. बुजवायच्या त्या या फटी, वळचणीच्या नव्हेत.

तिसरा आणि मुख्य उपाय हवेला वाट देण्याचा. गार हवा खालून शिरते आणि उबदार, ओलसर हवा वरून निघते. म्हणून दोन्ही बाजूंच्या वळचणीला बारीक जाळी लावलेली मोकळी जागा आणि आढ्याजवळ किंवा बाजूच्या त्रिकोणी भिंतीत उंचावर झरोका, अशी जोडी हवी. केवळ एकाच बाजूला भोक पाडून हवा खेळत नाही. कारखान्यांच्या छतावर वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर दिसतात. ते मोठ्या गोदामाला उपयुक्त असले तरी लहान घराला त्यांची गरज नसते. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. अशा पत्र्याला भोके पाडणे वा तो कापणे टाळावे, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तेथे झरोका भिंतीतच काढावा.

चौथा उपाय, म्हणजे पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटून बसणारा उष्णतारोधक थर लावणे, खर्चिक आहे. हा थर आणि पत्रा यांच्यात पोकळी राहिली तर दव तेथेच धरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून आधीचे तीन उपाय झाल्याशिवाय या खर्चात पडू नये.

पोत्यांच्या बाबतीत नियम सोपे आहेत. पोती थेट जमिनीवर वा फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. भिंतीपासून वीतभर आणि पत्र्यापासून त्याहून अधिक अंतर सोडावे. वर ताडपत्री घालायची तर ती तंबूसारखी, चारही बाजूंनी हवा राहील अशी असावी. दर पंधरा दिवसांनी वरच्या पोत्यात हात घालून पाहावा. दाणे गरम किंवा चिकट लागले, कुबट वास आला, तर माल त्याच दिवशी उन्हात काढावा. दहा क्विंटल म्हणजे एक हजार किलो वजन, हे विसरून जुन्या माळ्यावर पोती चढविणेही धोक्याचे आहे.

बियाणे आणि श्वास

विक्रीच्या मालापेक्षाही नाजूक प्रश्न बियाण्याचा आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. त्यानंतर घरचे बियाणे राखण्यावर कृषी विभागाने भर दिला. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ असते आणि त्याची उगवणशक्ती लवकर घटते. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा, की बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला तर त्याचे साठवणीतील आयुष्य साधारण दुप्पट होते. तापमान पाच अंशांनी कमी झाले तरी तसेच. पत्र्याखालचा माळा हिवाळ्यात ओलावा वाढवितो आणि उन्हाळ्यात तापमान, म्हणजे बियाण्यावर दोन्ही बाजूंनी आघात करतो. एकरी ३० किलो बियाणे हे प्रमाण धरले तर तीन एकरांसाठी ९० किलो पुरतात. तेवढी दोन पोती तरी माळ्यावरून उतरवून घरातील सर्वांत गार, कोरड्या खोलीत ठेवणे कोणत्याही शेतकऱ्याला अशक्य नाही. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासण्याची पद्धत आहे. सत्तरच्या खाली मोड आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते.

धान्य ओलसर होते, ती हवा माणसेही घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले आणि वृद्ध यांना त्याची झळ अधिक. त्यातच थंडीपासून बचावासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविली तर कार्बन मोनॉक्साइडचा प्राणघातक धोका निर्माण होतो. घराची वळचण बुजविताना या धोक्याचीही जाणीव ठेवली पाहिजे.

घरकुलात हवेची तपासणी कोण करणार?

प्रश्नाची दुसरी बाजू शासकीय धोरणाची आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे केंद्र-राज्य मिळून मूळ साहाय्य ठरले. २०२४ मध्ये ही योजना मार्च २०२९ पर्यंत वाढविण्यात आली. हप्ते मिळण्यासाठी पाया, भिंती, छत अशा टप्प्यांची स्थानदर्शक छायाचित्रे अपलोड करावी लागतात. या रकमेत स्लॅब परवडत नाही, तेथे पत्रा येतो. छत पडले की छायाचित्र निघते आणि काम पूर्ण समजले जाते. छताखालून हवा जाते की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही आणि म्हणून ते तपासलेही जात नाही.

२०११ च्या जनगणनेने घराचे छत कशाचे आहे हे विचारले, पण घरात हवा खेळते का, हे विचारले नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एकदशांश इतक्या खिडक्या-झरोक्यांचे प्रमाण दिलेले आहे. परंतु ते प्रामुख्याने माणसांच्या वावराच्या खोल्यांपुरते आहे. पत्र्याखालील माळ्याकडे त्याची दृष्टी जात नाही. शिवाय खेड्यातील घर बांधताना संहिता कोणी उघडून पाहत नाही. गवंडी जे करतो, तीच तेथील संहिता असते.

म्हणूनच बदलाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी. ग्रामीण गवंड्यांना आवास योजनेंतर्गत प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या प्रशिक्षणात पत्र्याच्या छताला वळचणीची जाळी आणि आढ्याजवळचा झरोका यांचा समावेश करणे अवघड नाही. घरकुलाच्या तपासणीत एका झरोक्याच्या छायाचित्राची भर घातली तर त्यासाठी नवे अनुदान लागणार नाही. भिंत बांधतानाच चार विटांची जागा सोडली, तर झरोक्याचा खर्च जाळी आणि झडपेपुरता उरतो; भिंत उभी राहिल्यावर तीच जागा फोडून काढण्याचा खर्च आणि कंटाळा दोन्ही वाढतात. कृषी विभाग दरवर्षी खरिपापूर्वी घरच्या बियाण्याची उगवण तपासण्याचे आवाहन करतो. तेच आवाहन दिवाळीनंतर, पोती माळ्यावर चढविण्यापूर्वी साठवणुकीच्या जागेबाबत झाले तर अधिक उपयोगी ठरेल.

हमीभाव, आयात-निर्यात आणि खरेदी केंद्रे यांवरची चर्चा आवश्यकच आहे. पण त्यांचे निर्णय शेतकऱ्याच्या हातात नाहीत. शेतात चार महिने राबून मिळविलेला दाणा घरात आल्यावर राखणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे. धाब्याच्या घरातून पत्र्याच्या घरात येताना जो झरोका मागे राहिला, तो जाळी आणि झडप लावून पुन्हा बसविला, तर पहाटेचे थेंब थांबतील आणि वरचे पोतेही वाचेल. येत्या थंडीत पत्र्यावर डांबराचा डबा घेऊन चढण्यापूर्वी एकदा माळ्यावर चढून पाहणे, ही त्याची पहिली पायरी होय.